ऑर्किडसाठी दिवा: वॅट नव्हे, पानावर पडणारा उजेड बघा

फॅलेनॉप्सिस या घरात वाढवल्या जाणाऱ्या ऑर्किडची पानं गर्द हिरवी, लांबट, मऊ झाली की घरातले सगळे खूश होतात. झाड काय छान धरलंय म्हणतात. मग दीड वर्ष उलटतं, पण फुलाचा दांडा काही निघत नाही. इथे गर्द हिरवा रंग तब्येतीचा नसून उपासमारीचा असतो. उजेड कमी पडला की मिळेल तो किरण पकडण्यासाठी पान हरितद्रव्य वाढवत जातं. ज्या ऑर्किडला पुरेसा उजेड मिळतो त्याचं पान पोपटीकडे झुकणारं असतं आणि हाताला कडक लागतं.

हे कळलं की पुढचा प्रश्न दिव्याचा येतो. बाजारात जांभळे दिवे, चिमट्याचे दिवे, 'फुल स्पेक्ट्रम' लिहिलेले बल्ब, चार फुटी बॅटन (एलईडीची लांब पट्टी), हजार वॅटचा दावा करणारी पॅनेल असं सगळं मिळतं. यातलं निवडायचं तर आधी झाडाला किती उजेड कमी पडतोय ते काढावं लागतं. ते न काढता घेतलेला दिवा बहुतेक वेळा दोन-चार पट कमी निघतो. क्वचित जास्तही निघतो.

आपल्याकडे दिवस लहान नसतो

दिव्याखालच्या ऑर्किडबद्दलचे बहुतेक सल्ले युरोप-अमेरिकेतून येतात. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, त्यामुळे तिथे दिवा लावून दिवस लांबवावाच लागतो. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तो सल्ला जरूर पाळावा. मुंबई-पुण्यात मात्र डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो आणि जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणजे तास पुरेसे आहेत. कमी पडतो तो उजेडाचा जोर.

मे महिन्यात मोकळ्या गच्चीवर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाच्या जोराचं माप) घरात ऊन असतं. तेच ऊन खिडकीतून आत येताना समोरच्या इमारतीत अडतं, वरच्या मजल्याच्या छज्जात अडतं. साधी काच दहा-पंधरा टक्के खाते. मच्छरजाळी पाव हिस्सा खाते आणि धुळीने भरलेली असेल तर त्याहून जास्त. काचेला काळी फिल्म असेल तर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच संपतो. खिडकीपासून तीन-चार फूट आत, टीव्हीच्या कपाटावर, दिवसा जेमतेम दोन-तीनशे लक्स उरतात. त्यात जून ते सप्टेंबर ढग असतात, तेव्हा बाहेरचाच उजेड निम्म्यावर येतो.

खिडकीची दिशाही ऋतूबरोबर बदलते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबर-जानेवारीत ऊन चांगलं आत येतं, पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो, त्यामुळे त्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. हिवाळ्यात मजेत असलेलं झाड जूनमध्ये अचानक सुस्तावलं तर खताला दोष देण्याआधी हे आठवा. पूर्वेची खिडकी वर्षभर सगळ्यात भरवशाची. पश्चिमेची चालते, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतरचं ऊन पानं भाजतं.

डोळ्यावर विश्वास ठेवू नका

रात्री हॉलमध्ये वीस वॅटचा बॅटन लावला की खोली लख्ख दिसते. खाली टेबलावर मात्र दीडशे लक्सच्या आसपास उजेड असतो. आपला डोळा उजेडाशी लगेच जुळवून घेतो, म्हणून दीडशे लक्स आणि दहा हजार लक्स यांतला फरक डोळ्याला दुप्पट-तिप्पट इतकाच भासतो. झाडाला तो सत्तर पट असतो.

म्हणून मोजायचं. हातात धरायचा लक्समीटर फार महाग नसतो, एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो आणि शेजाऱ्यांनाही देता येतो. तो नसेल तर फोनवरचं लक्स मोजणारं ॲप वापरा. अँड्रॉइड फोनचा सेन्सर पडद्याच्या वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, तोच पानाच्या पातळीला वरच्या दिशेने तोंड करून धरा. या ॲपचे आकडे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर बरेच बदलतात. पण 'या जागेपेक्षा त्या जागी तिप्पट उजेड आहे' एवढं ते नीट सांगतात, आणि जागा निवडायला तेवढं पुरतं.

काहीच नसेल तर सावली बघा. भर दुपारी पानाच्या वर एक फुटावर हात धरा. सावलीच्या कडा पुसट पण हात ओळखू येतोय, तर फॅलेनॉप्सिसपुरता उजेड आहे. बोटं नीट मोजता येतील इतकी कडक सावली असेल तर डेंड्रोबियम, कॅटलिया ही जास्त उजेड मागणारी ऑर्किडही राहतील. सावली शोधावी लागत असेल तर तिथे दिवा लागणार.

दिवसभराचा हिशेब

झाड दिवसभरात पानावर पडलेल्या सगळ्या प्रकाशकणांवर जगतं. दुपारी बारा वाजता दहा मिनिटं कडक ऊन आलं आणि बाकी दिवस अंधार, तर त्याचं पोट भरत नाही. या दिवसभराच्या बेरजेला डीएलआय (डेली लाइट इंटिग्रल) म्हणतात आणि ती मोलमध्ये मोजतात. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६०२ वर एकवीस शून्यं इतके कण. बागायतीच्या पुस्तकांत याची लांबलचक सूत्रं असतात. घरासाठी दोन भागाकार पुरतात:

उन्हासाठी: लक्स × तास ÷ १५,०००
पांढऱ्या एलईडीसाठी: लक्स × तास ÷ २०,०००

दोन वेगळे आकडे का? लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनलेलं आहे. डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड जास्त तेजस्वी वाटतो, तांबडा आणि निळा कमी. पांढऱ्या एलईडीत हिरव्या-पिवळ्याचा वाटा उन्हापेक्षा जास्त, म्हणून तेवढ्याच लक्समध्ये झाडाच्या कामाचे कण थोडे कमी भरतात. याच कारणाने जांभळ्या दिव्याखाली लक्समीटर धरू नका. तिथे तो हास्यास्पद कमी आकडा दाखवतो.

घरात वाढवताना फॅलेनॉप्सिसला रोज ४ ते ६ मोल मिळाले की ते वाढतं आणि फुलतं. स्लिपर ऑर्किड ३ ते ५ मोलवरही चालतं. ऑन्सिडियम ७-८ च्या पुढे. कॅटलिया आणि डेंड्रोबियम १० च्या पुढे. वांडाला १५ तरी हवेत. तुलनेला सांगायचं तर उन्हाळ्यात मोकळ्या गच्चीवर ४५-५० मोल पडतात, म्हणून तर तिथे शेडनेट लावावं लागतं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. पूर्वेची खिडकी, समोर दुसरी इमारत, काचेला जाळी. पानाच्या पातळीला दिवसातून पाचदा मोजलं: सकाळी आठला १,५००, दहाला ३,५००, बाराला २,२००, दोनला १,६००, चारला १,२००. सरासरी २,००० लक्स, उजेड धरू दहा तास. २,००० × १० ÷ १५,००० = १.३ मोल. फॅलेनॉप्सिसला ४.५ द्यायचे ठरवले तर ३.२ मोल कमी पडतात. दिवा बारा तास लावला तर ३.२ × २०,००० ÷ १२, म्हणजे पानावर सुमारे ५,३०० लक्स देणारा दिवा हवा.

हा ५,३०० चा आकडा हाती आला की दुकानात काय मागायचं ते ठरतं. आणि हॉलमधल्या छताच्या बॅटनचे दीडशे लक्स बारा तासांत किती होतात? ०.०९ मोल. 'आमच्या हॉलमध्ये दिवसभर लाईट असतो' याचा झाडाला उपयोग इतकाच.

मोजमाप पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा, असं दोनदा करा. वर्षभर एकच आकडा धरला तर निम्मं वर्ष तो चुकतो.

कोणता दिवा

एका झाडासाठी फार विचार करू नका. टेबललँप, त्यात ९ किंवा १२ वॅटचा साधा पांढरा एलईडी बल्ब, पानांच्या वर एक फुटावर. नऊ वॅटचा बल्ब बरोबर खाली अडीच-तीन हजार लक्सच्या आसपास देतो, बारा वॅटचा त्याच्या सव्वापट. पण बल्ब दोन फुटांवर नेला की उजेड एक चतुर्थांश होतो, निम्मा नव्हे. अंतर दुप्पट, तर उजेड चौथा हिस्सा. बल्बच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात: दिवा बरोबर घेतात आणि सोयीसाठी भिंतीवर उंच लावतात.

चार-सहा कुंड्या असतील तर चार फुटी, वीस वॅटचे एलईडी बॅटन. पॅकवर २,००० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) लिहिलेलं असतं. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स, त्यामुळे हिशेब सरळ आहे. चार फूट लांब, सोळा इंच रुंद फळी म्हणजे सुमारे ०.४८ चौरस मीटर. दोन बॅटनचे ४,००० ल्युमेन, त्यातले साठ टक्के पानांवर पोचतात असं धरलं तर २,४०० ÷ ०.४८ = ५,००० लक्स. वरच्या उदाहरणातल्या खिडकीला हे जवळजवळ नेमकं बसतं. खिडकीचा उजेड अजिबात नसलेल्या आतल्या रॅकसाठी तीन बॅटन लावा, ७,५०० लक्स बारा तास, ४.५ मोल. साठ टक्के हा आकडा बॅटन पानांपासून आठ-दहा इंचांवर आणि बाजूला पांढरे पडदे असतील तेव्हाचा. उंच टांगलेल्या उघड्या बॅटनला तो लागू नाही.

रंग ४,००० केल्विन घ्यावा की ६,५०० (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्हीत झाडाला लागणारा निळा आणि तांबडा असतो. ६,५०० मध्ये निळा थोडा जास्त, पानं थोडी आखूड राहतात. ४,००० मध्ये फुलांचे रंग खरे दिसतात आणि तो हॉलमध्ये डोळ्याला बरा वाटतो. ३,००० चा पिवळा दिवाही चालतो, पण एकटा वापरण्याचं काही कारण नाही.

जांभळे दिवे आम्ही सुचवत नाही. त्यांच्याखाली झाड वाढत नाही असं नाही, वाढतं. पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय, त्यावर डाग आलाय की मिलीबग बसलाय, काहीच कळत नाही, आणि ऑर्किड वाढवायचं म्हणजे निम्मं काम पान बघण्याचं. शिवाय यातल्या अनेकांवरचे वॅट खोटे असतात. फोनच्या चार्जरवर, पाच व्होल्ट दोन अँपिअरवर चालणारा चिमट्याचा दिवा जास्तीत जास्त दहाच वॅट घेऊ शकतो, खोक्यावर ऐंशी लिहिलेले असोत की दोनशे. 'फुल स्पेक्ट्रम' या शब्दांना तर काहीच वजन नाही. प्रत्येक पांढरा एलईडी कमीजास्त प्रमाणात तसाच असतो.

डेंड्रोबियम किंवा कॅटलियासाठी त्याच खिडकीत हिशेब केला तर १० मोलमधून १.३ वजा जाता ८.७ उरतात. चौदा तासांसाठी सुमारे १२,४०० लक्स लागतात, म्हणजे त्याच फळीवर पाच बॅटन, शंभर वॅट. इथे मात्र शेतीसाठी बनवलेलं एलईडी पॅनेल परवडतं. साधा बॅटन एका वॅटमागे दर सेकंदाला दीडेक मायक्रोमोल (मोलचा दहा लाखावा हिस्सा) कण देतो, चांगलं पॅनेल अडीच किंवा त्याहून जास्त. तेवढाच उजेड साठ वॅटमध्ये मिळतो. पॅनेल घेताना चार गोष्टी मागा: प्रत्यक्ष ओढले जाणारे वॅट, एकूण मायक्रोमोल प्रति सेकंद, ठरावीक उंचीवर कुठल्या भागात किती उजेड पडतो त्याचा तक्ता, आणि उजेड कमी-जास्त करायची सोय. विक्रेता यातलं काहीच सांगत नसेल तर पुढच्या दुकानात जा. फॅलेनॉप्सिसवर असं पॅनेल पूर्ण जोराने एक फुटावर लावलं तर पानं भाजतील. दोन फूट वर घ्या आणि उजेड कमी करा.

खरं सांगायचं तर ज्यांना ग्रिल किंवा गॅलरी आहे त्यांनी डेंड्रोबियम, वांडा आणि त्याचा संकर मोकारा बाहेरच ठेवावेत, पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली. आपल्या हवेत ते तिथे सहज फुलतात आणि घरात शंभर वॅट जाळूनही तसे फुलत नाहीत. सह्याद्रीतली सीतेची वेणी किंवा आमरी ही रानातली ऑर्किड तर वाऱ्यावर, पावसात, फांदीवर वाढणारी झाडं. ती रानातून काढून आणू नयेत आणि दिव्याखाली तर मुळीच ठेवू नयेत. घरातला दिवा फॅलेनॉप्सिस, स्लिपर ऑर्किड आणि लहान रोपं यांच्यासाठी राखावा.

जुन्या चोकच्या ट्यूबलाईट घरात पडून असतील तर चालतात, पण चाळीस वॅट खाऊन उजेड वीस वॅटच्या एलईडीइतकाच देतात, आणि उष्णता वेगळी. हॅलोजन नकोच.

बसवताना

स्लॉटेड अँगलचा लोखंडी रॅक सगळ्यात सोयीचा. दोन फळ्यांत अडीच फूट अंतर ठेवा. बॅटन वरच्या फळीला थेट स्क्रूने न आवळता साखळी आणि हुकांवर टांगा, म्हणजे झाड वाढलं की एकेक कडी वर घेता येते. दोन बॅटनमध्ये सहा-सात इंच. मागे आणि दोन्ही बाजूंना पांढरा सनबोर्ड लावा, पुढची बाजू मोकळी. एवढ्या सनबोर्डने पानांवरचा उजेड लक्षात येण्याइतका वाढतो, आणि तो विजेचं बिल वाढवत नाही. सनबोर्डच्या वरच्या कडेला चार बोटं फट ठेवा, गरम हवा तिथून निघून जाते.

बसवून झालं की मध्यभागी आणि दोन्ही टोकांना लक्स मोजा. टोकांना उजेड जवळजवळ निम्मा भरतो. स्लिपर ऑर्किड आणि नुकतीच मुळं धरणारी रोपं टोकांना, मोठी फॅलेनॉप्सिस मधे. वीस-वीस इंचांवर झाडं ऐसपैस ठेवायचा मोह आवरा. दिव्याखालची जागा महाग असते. पण पानं एकमेकांवर चढूही देऊ नका.

विजेच्या बाबतीत आळस नको, कारण इथे पाणी जवळ आहे. साधे बॅटन कोरड्या खोलीसाठी बनवलेले असतात, त्यांच्यावर फवारा उडता कामा नये. पाणी घालायला कुंड्या बेसिनमध्ये किंवा मोरीत न्या, पूर्ण निथळू द्या, मग परत ठेवा. रॅकवरच फवारायचं असेल तर आयपी ६५ दर्जाची (पाण्यापासून बचाव करणारी) बंदिस्त फिटिंग घ्या आणि फवारताना खटका बंद ठेवा. सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावर ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. रॅक लोखंडी असल्याने अर्थिंग नीट हवं, आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपची आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा खटका) आहे की नाही हे वायरमनकडून बघून घ्या.

टायमरशिवाय हे करू नका. हाताने दिवा लावणं पहिले पंधरा दिवस जमतं. खुंट्या दाबायचा फिरता टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की त्याचं घड्याळही थांबतं. रोज तासभर भारनियमन असेल तर दहा-बारा दिवसांत सकाळी सहाचा दिवा संध्याकाळी लागायला लागतो. अशा ठिकाणी आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

बिल: दोन बॅटन, ४० वॅट, बारा तास, दिवसाला ०.४८ युनिट, महिन्याला साडेचौदा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १४५ रुपये. पाच बॅटन चौदा तास चालवले तर ४२ युनिट. बॅटनवर २५,००० तास आयुष्य लिहिलेलं असेल तर रोज बारा तासांनी ते सुमारे पावणेसहा वर्षं होतं, पण उजेड त्याआधीच हळूहळू उतरत असतो. महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा आणि वर्षातून एकदा पुन्हा मोजा.

रात्र ठेवा

जास्त उजेड हवा म्हणून चोवीस तास दिवा लावणारे असतात. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, वांडा ही जाड पानांची ऑर्किड फांदीवर वाढणारी, दुष्काळाची सवय असलेली. दिवसा पानांची छिद्रं उघडली तर पाणी उडून जातं, म्हणून ती छिद्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दरवाजे बंद करून त्याची साखर करतात. रात्र दिली नाही तर कोठारात माल येत नाही, मग उजेड कितीही असो. बारा तास उत्तम, चौदापर्यंत चालेल, दहा तासांचा सलग अंधार हवाच. कॅटलिया लॅबिएटासारख्या काही जातींना कळीसाठी लहान दिवस लागतात. त्यांच्यावर हॉलचा रात्रीचा दिवाही पडू देऊ नये.

दिव्याची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सहा ठेवा. पावसाळ्यात अंधार पडल्यावर उघड्या खिडकीशी दिवा चालू ठेवला तर पंखवाल्या किड्यांचा थवा घरात येतो आणि त्यांचे पंख सकाळी कुंड्यांत सापडतात. विदर्भात एप्रिल-मेमध्ये मात्र दिवा पहाटे पाचला लावून अकरापर्यंत बंद करा. दुपारच्या तापलेल्या खोलीत आणखी चाळीस वॅट नकोत.

नवा दिवा पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ लावू नका. पहिला आठवडा सहा तास, मग दर आठवड्याला दोन तास वाढवा.

पान काय सांगतं

दीड-दोन महिन्यांत येणारं नवं पान हा खरा निकाल. जुनी पानं आपला आकार बदलत नाहीत. नवं पान आधीच्यापेक्षा आखूड, रुंद, कडक आणि फिकट हिरवं आलं तर जमलं. लांब आणि लोंबतं आलं तर बॅटन दोन-तीन इंच खाली घ्या किंवा तास वाढवा. पानाच्या कडेला जांभळट-लाल झाक आली तर वरची मर्यादा गाठली आहे. काही संकरित जातींत ती मुळातच असते, तेव्हा आधीची पानं बघून ठरवा.

भाजल्याचा डाग आणि रोगाचा डाग यांत गल्लत होते. भाजलेला डाग दिव्याकडे तोंड असलेल्या उंच भागावर येतो, आधी पांढरट, मग तपकिरी, कोरडा, खोलगट, आणि तिथेच थांबतो. ओला, पारदर्शक, रोज पसरणारा, वास येणारा डाग जिवाणूंचा. त्याला उजेड कारणीभूत नाही. तेवढा भाग निरोगी पानात अर्धा इंच आत जाऊन निर्जंतुक केलेल्या ब्लेडने कापा आणि पानांवर पाणी साचू देऊ नका. दिवा चालू असताना पानावर बोट ठेवा. पान खोलीपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर दिवा वर घ्या किंवा लहान पंखा लावा. पंख्याचा झोत मात्र झाडावर नको, भिंतीवर आपटून परत येऊ द्या.

उजेड वाढला की पाणीही लवकर संपतं. अंधाऱ्या कोपऱ्यात आठवड्याला एकदा पाणी पुरणाऱ्या झाडाला दिव्याखाली तीन-चार दिवसांनी लागू शकतं. वार ठरवून पाणी घालू नका. मुळं चंदेरी दिसली की घाला, हिरवी असतील तर थांबा. खतही आता पचतं: १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन.

उजेड आहे, तरी फूल नाही

दिव्याने झाडात साखर साठते. फॅलेनॉप्सिसला दांडा काढायची खूण मात्र गारव्याची असते. काही आठवडे दिवसाचं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास राहिलं की दांडा सुटतो. दिवस २८-२९ च्या वर राहिला तर रात्री एसी लावूनही सहसा काम होत नाही. म्हणून पुण्या-नाशिकला नोव्हेंबरपासून दांडे दिसायला लागतात आणि मुंबई-गोव्यात डिसेंबर-जानेवारीची वाट बघावी लागते. एप्रिलमध्ये दिवा लावून मेमध्ये फुलाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. पावसाळाभर पानं आणि मुळं पोसा, गारवा आला की खोलीतली सगळ्यात थंड जागा द्या.

दांडा निघाला की तो उजेडाकडे वळतो. त्यानंतर कुंडी फिरवू नका, नाहीतर फुलं एकमेकांकडे पाठ करून उमलतात. कुंडीवर खडूने खूण करून ठेवली तर पाण्यासाठी उचलूनही ती पुन्हा त्याच बाजूने ठेवता येते. दांडा बॅटनला टेकायच्या आत बांबूच्या काडीला सैल बांधून आडवा न्या. पहिली दोन-तीन फुलं उमलल्यावर झाड रॅकवरून काढून हॉलमध्ये नेलं तरी चालतं, एवढ्या दिवसांसाठी साठा पुरतो. कळ्या असताना मात्र जागा बदलू नका. आणि फुललेलं झाड आंब्याच्या अढीजवळ किंवा पिकलेल्या केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या पिवळ्या पडून एका रात्रीत गळतात आणि दोष विनाकारण दिव्यावर येतो.